फडामागं हिंडलेल्या बाया



आम्ही वेल्ह्याच्या खोऱ्यातल्या एका वाडीच्या बचत गटातल्या बाया. कागदावर आता आमचा तालुका राजगड झाला, पण तोंडात अजून वेल्हंच बसलंय, तेव्हा वेल्हंच म्हणू. मागं दोन वेळा आम्ही या केंद्रावर बोललो, एकदा भाताच्या रोपांवर आणि एकदा शिलाई मशिनच्या कर्जावर. आजचा विषय ऐकून तुमच्यातल्या काहीजणी आवाज बारीक करतील, कारण ओट्यावर सासरे बसलेले असतील. बारीक करा, पण बंद करू नका. आज आम्ही तमाशाबद्दल बोलणार आहोत.

गेल्या चैत्र-वैशाखात आम्ही सहाजणींनी एका फडाच्या मागं चार जत्रा केल्या. दोन आमच्या वेल्ह्यातल्या, एक भोरकडची आणि चौथी मांढरदेवीचा घाट उतरून वाईच्या बाजूची. सहाच्या पुढं पाच झालो, ते सांगूच.

'फडामागं जाणं' हे आपल्याकडं बाप्यांचं काम. गावागावात असा एखादा असतोच. दहा महिने नीट कष्ट करील, आवणी करील, झोडणी करील, आणि गुढी उभी राहिली की त्याचे पाय घरात ठरत नाहीत. आज या गावची जत्रा, उद्या त्या गावची. फड जाईल तिकडं तो. घरच्यांनी विचारायचं नाही, आणि विचारलं तरी उत्तर मिळत नाही.

आमच्या वाडीत असे एक होते. नात्यानं आमचे चुलतसासरे, सगळ्या सुना त्यांना मामंजी म्हणायच्या. त्यांना जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. त्यांच्या मागं त्यांची मालकीण आहे. वाडीतल्या निम्म्या सुना त्यांना आत्याबाई म्हणतात, आणि आज ऐंशीच्या पुढं वय असलं तरी डोकं आमच्या कुणाहीपेक्षा जागेवर. मामंजी खांद्यावर घोंगडी टाकायचे, फडक्यात भाकरी-चटणी बांधायचे आणि चालत नसरापूर गाठायचे. तिथून एसटी, नाहीतर कुणाचा ट्रक. आठ-दहा दिवसांनी यायचे ते बसलेला घसा घेऊन. एका साली दुभती म्हैस विकली होती, तिचे पैसे बैलासाठी ठेवले होते. बैल काही आला नाही. आत्याबाई हे सांगताना चिडत नाहीत. नुसतं सांगतात आणि गप्प बसतात.

मामंजी ज्यांच्या मागं हिंडायचे त्या विठाबाई. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर. नाव तुम्ही ऐकलं असेल. १९३५ साली पंढरपुरात जन्मल्या. वडील भाऊ आणि चुलते बापू, दोघांचा मिळून फड होता, भाऊ-बापू मांग नारायणगावकर यांचा. बघा, फडाच्या नावातच जात होती. राहायला जागा गावाच्या कडेला, आणि जत्रेच्या रात्री मात्र सगळं गाव त्यांच्या पुढ्यात. लहानपणीच विठाबाई बोर्डावर उभ्या राहिल्या. १९५७ साली आणि पुन्हा १९९० साली राष्ट्रपतींकडून त्यांचा सन्मान झाला. शेवटची वर्षं मात्र हलाखीत आणि आजारपणात गेली. १५ जानेवारी २००२ ला त्या वारल्या. चार वर्षांनी, २००६ पासून, सरकार त्यांच्या नावानं तमाशातल्या कलावंतांना जीवनगौरव पुरस्कार द्यायला लागलं. देतात ते चांगलंच आहे. पण ज्यांच्या नावानं पुरस्कार आहे त्यांना औषधपाण्याची चणचण पडली, आणि तेव्हा तर आमच्या मामंजीसारखे नादिक महाराष्ट्रभर हजारांनी होते.

विठाबाईंची एक गोष्ट बाप्ये फार रंगवून सांगतात. आमच्याकडं लग्नाच्या पंगतीत सुद्धा सांगितली जाते. पोटात नऊ महिन्यांचं मूल, तमाशा चालू आहे, आणि कळा आल्या. त्या मागं गेल्या, बाळंत झाल्या, दगडानं नाळ ठेचून तोडली, आणि पदर खोचून पुन्हा नाचायला तयार झाल्या. बघणाऱ्यांना कळलं तेव्हा लोकांनी हात जोडले आणि खेळ थांबवायला लावला, असं सांगतात. हे ऐकून बाप्ये 'वा वा' करतात. आमच्या मनात दुसरंच येतं. गरम पाणी कुणी दिलं? वार पडेपर्यंत जवळ कोण होतं? किती दिवस अंगावर घेतलं नसेल तिनं काम? खेळ थांबला तर त्या रात्रीचे पैसे मिळाले का?

ही गोष्ट एकदा गटाच्या बैठकीत निघाली. आत्याबाई दाराशी बसल्या होत्या, त्या गटात नाहीत, पण बैठकीला असतात. त्या म्हणाल्या, "माझा दुसरा पोरगा आवणीत झाला. खाचरात. विळ्यानं नाळ कापली आन् सांजच्याला भाकऱ्या थापल्या. हे जत्रंला गेलेलं न्हवतं तवा, आषाढ होता, पर गावाला गेलं होतं कुठंतरी. तिची गोष्ट गावोगाव झाली. माझी तुमाला तरी ठावं होती का?"

आम्हांला ठाऊक नव्हती. त्या पोराला आता नातवंडं आहेत.

मग त्या म्हणाल्या, "इतकी वर्सं ती माझी सवत. मी तिला डोळ्यानं बघितली न्हाय. तमाशा मी बघितलाच न्हाय कधी." सवत म्हणजे विठाबाई नव्हेत, हे आमच्या ध्यानात आलं. तमाशा सवत. आमच्यात कुणीच बघितलेला नव्हता. टीव्हीवर बघितला होता, मोबाईलवर तुकडे बघितले होते. पण जत्रेत समोर बसून, नाही. जत्रेच्या दिवशी पहाटेपासून पुरणपोळ्या, पाहुणे, पालखीला नैवेद्य. दुसऱ्या दिवशी मटणाचा रस्सा आणि पुन्हा पाहुणे. रात्री ढोलकी वाजायला लागते तेव्हा आपण पातेली घासत असतो. ढोलकी ऐकू येते, तुणतुणं नीट ऐकू येत नाही, आणि हशा झाला की वाटतं, काय बरं झालं असेल?

त्या बैठकीत ठरलं की जायचं. एका रात्रीपुरतं नाही. मामंजी जायचे तसं, मागं-मागं.

आमच्यातल्या एकीचा मुलगा पुण्यात कंपनीत आहे. त्याला हे कळलं तेव्हा तो हसला नाही, उलट त्यानं आम्हांला एक सांगितलं. अमेरिकेत बॉब डिलन म्हणून एक गाणारा आहे, १९४१ चा जन्म. गिटार घेऊन गातो, २०१६ साली साहित्याचं नोबेलसुद्धा मिळालं. तो १९८८ पासून वर्षानुवर्षं शहरोशहरी कार्यक्रम करत हिंडतोय, म्हातारा झाला तरी. आणि त्याच्या मागं लोक हिंडतात, बाया पण, आज या शहरात, परवा त्या शहरात. कुणी शंभर वेळा ऐकलंय. "तिकडं त्याला छंद म्हणतात," तो म्हणाला. आमच्या थोरल्या जाऊबाई म्हणाल्या, "आमी गेलो तर काय म्हंतील ते बघू."

जे म्हणायचं ते म्हणालेच. ते सगळं इथं सांगत नाही. एक मात्र सांगतो, कारण ते गटाच्या हिशोबाचं आहे. बोललं गेलं की बाया बचतीच्या पैशानं तमाशे बघतायत. मैत्रिणींनो, गटाच्या पेटीतला एक रुपया याला लागला नाही. आमच्या सचिव ताईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. प्रत्येकीनं आपले तीनशे रुपये काढले, कुणी दुधाचे, कुणी करवंदं विकून, एकीनं माहेराहून आलेले भाऊबिजेचे. जीप ठरवली ती आमच्याच वाडीतल्या भाच्याची, डिझेल आमचं. आत्याबाईंचे पैसे आम्ही घालणार होतो, त्यांनी घालू दिले नाहीत.

आता फड कसा असतो ते थोडं सांगतो, कारण आम्हांलाही ठाऊक नव्हतं. तमाशात दोन प्रकार. संगीत बारी वेगळी, ती बैठकीची, लावणीची, पेटी-तबल्याची. जत्रेत येतो तो ढोलकी फड. मोठ्या फडात शंभराच्या वर माणसं असतात. नाचणाऱ्या, गाणारे, सोंगाडे, ढोलकीवाले, हलगीवाले, वायरमन, तंबू ठोकणारे, ड्रायव्हर, आचारी. ट्रक-बस स्वतःच्या. दसऱ्याला बाहेर पडायचं आणि बुद्धपौर्णिमेच्या सुमाराला घरी. पाडव्याच्या दिवसांत नारायणगावला फडांच्या राहुट्या पडतात, तिथं गावोगावचे पंच जाऊन सुपाऱ्या ठरवतात. आपल्या जत्रांचे तमाशे तिथंच ठरतात. घरचा बाप्या 'पाडव्याच्या कामाला जुन्नरकडं जाऊन येतो' म्हणतो ते हेच काम. सुपारी गावानं दिली तर बघायला तिकीट नाही. फडानं स्वतःचा तंबू ठोकला तर तिकीट.

आम्ही ज्या फडामागं गेलो त्याचं नाव घेणार नाही. त्या फडातल्या एका म्हाताऱ्या बाईंनी सांगितलेलं तुम्हांला सांगायचं आहे, आणि त्यांनीच बजावलं होतं की नाव घेऊ नका, माझ्या नातीचं लग्न व्हायचंय.

पहिली जत्रा आमच्या पलीकडच्या गावची. स्वयंपाक, जेवणं सगळं उरकून आम्ही साडेदहाला निघालो. देवळापुढच्या माळावर बोर्ड बांधला होता. माणसं दाटीवाटीनं बसलेली, सगळे बाप्ये. कडेला, एका घराच्या माळवदावर चार-दोन बाया पदर तोंडावर धरून उभ्या. आम्ही सरळ पुढं गेलो. मागून कुणी शिट्टी मारली. जत्रा कमिटीतले एक ओळखीचे दाजी उठून आले, म्हणाले, "वहिनी, हितं बायकांचं काय काम?" आमची कुणाची जीभ चालेना. आत्याबाई पुढं झाल्या. "माझ्या मालकाचं काय काम व्हतं? बारा वर्सं म्होरं बसलं. त्यांच्या जाग्यावर बसते मी." आणि बसल्या. दाजींनी मग स्वतः सतरंजी आणून दिली, हे पण सांगितलं पाहिजे.

आधी गण झाला. गण म्हणजे गणपतीला वंदन. आत्याबाई हात जोडून बसल्या, आणि आमच्या लक्षात आलं, आपण भजनाला बसतो तसंच बसलोय. मग गवळण. कृष्ण, पेंद्या, गवळणी आणि मावशी. मावशी म्हणजे लुगडं नेसलेला बाप्या, आणि तो असा बोलतो की आमच्या गावातल्या एका काकूंचीच आठवण आली. आम्ही इतक्या हसलो की मागचे बाप्ये आमच्याकडं वळून बघायला लागले. या गोष्टी आपल्या आहेत, मैत्रिणींनो. गवळणी आपण देवळात म्हणतो. कुणी सांगितलं होतं की हे आपलं नव्हे?

मग रंगबाजी. त्यात सिनेमाची गाणी, लाईट, धूर. खरं सांगायचं तर ते आम्हांला आवडलं नाही. पोरी लहान होत्या, आमच्या मुलींच्या वयाच्या. पुढचे पैसे दाखवत होते, नाव पुकारून घेत होते. एक पोरगी नाचताना हसत होती, आणि वळली की हसू पुसल्यासारखं जायचं. पुन्हा वळली की पुन्हा हसू. बाप्यांना ते दिसत नव्हतं, ते दुसरीकडं बघत होते. आमच्यातली एक म्हणाली, "चला घरी." आत्याबाई म्हणाल्या, "वग हाये अजून. हे रातभर उगाच बसत न्हवते."

वग सुरू झाला तेव्हा रात्रीचे दीड वाजले असतील. वग म्हणजे नाटक, आपल्या भाषेतलं. त्यात एका शेतकऱ्याचा मुलगा जमीन विकतो आणि त्याची आई त्याला आडवी जाते, अशी गोष्ट होती. ही आई झालेल्या बाई सत्तरीच्या. त्या बोर्डावर आल्या आणि शिट्ट्या थांबल्या. आवाज थकलेला, वरचा सूर लागेना तर त्या खालून घ्यायच्या. पण एक ओळ त्यांनी गायली आणि मग नुसत्या उभ्या राहिल्या, काही न बोलता, ढोलकी पण गप्प. हजार माणूस गप्प. आमच्यातल्या तिघी रडल्या. आत्याबाई रडल्या नाहीत. टक लावून बघत होत्या.

घरी पोचलो तेव्हा पहाट. धारा काढायची वेळ. कुणी झोपलंच नाही.

दुसऱ्या जत्रेला वळीव आला. गवळण होते न होते तोवर पाऊस, लाईट गेली, सगळे देवळात. फडातल्या पोरी भिजलेल्या, त्यांना देवळात घ्यायचं की नाही यावर तिथं जरा कुजबुज झाली. पुजाऱ्यांच्या मालकिणीनं सरळ आपल्या घराचं दार उघडलं.

तिसरी भोरकडची. ती चांगली झाली, त्यात विशेष काही नाही. वग तोच होता. आम्हांला आता पाठ होत आला होता, आणि तेच ऐकायला दुसऱ्यांदा जास्त गोड लागतं हे तेव्हा कळलं. मामंजी तेच तेच बघायला का जायचे, हा प्रश्न तिथं सुटला. पण त्या जत्रेला आम्ही पाचजणी होतो. आमच्यातल्या एकीच्या घरी, दुसऱ्या जत्रेनंतर, मारहाण झाली. आम्ही चौघी तिच्या घरी गेलो, तिच्या मालकाशी बोललो, दिराशी बोललो. पुन्हा हात उचलणार नाही असं दिरानं सगळ्यांसमोर त्याच्याकडून कबूल करून घेतलं. ती पुढच्या जत्रांना आली नाही. गटाच्या बैठकीला येते. तिनं आम्हांला सांगितलं, रेडिओवर सांगा, माझ्या नावाशिवाय सांगा. म्हणून सांगितलं.

चौथी जत्रा घाटापलीकडची. भोरहून अंबाड्यावरून मांढरदेवीचा घाट चढायचा, काळूबाईला पायथ्यातून हात जोडायचे आणि वाईकडं उतरायचं. रात्रीचा घाट, जीपमध्ये आत्याबाई पुढं बसलेल्या. तिथं रात्रीचा तमाशा झाला आणि सकाळी हजेरी. हजेरी म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळी फड गावात पुन्हा खेळ करतो, गावाला हजेरी देतो. रात्री दोन-तीन तास डोळा लागलेला, तोंडावरचा रंग पुरता निघालेला नाही, आणि पुन्हा चाळ बांधायचे.

हजेरीच्या आधी आम्ही पाण्याच्या टँकरकडं गेलो तोंड धुवायला. तिथं फडातल्या बाया होत्या. कनातीचं एक कापड दोघींनी धरायचं आणि तिसरीनं आडोशाला अंघोळ करायची. एवढ्या मोठ्या गावात त्यांना मोरी नव्हती. शाळेला सुट्टी, शाळेचं संडास कुलूपबंद. एक पोरगी आमच्यातल्या ताईंना हळूच म्हणाली, "मावशी, जवळ कुणाचं घर आहे का ओळखीचं?" तिला पाळी आलेली होती. आमची तिथं ओळख नव्हती. पण विचारलं, आणि तिसऱ्या घरातल्या बाईनं हो म्हटलं. मैत्रिणींनो, ही गोष्ट कुठल्याही पंगतीत सांगितली जात नाही.

वगातल्या म्हाताऱ्या बाई ट्रकच्या सावलीत चहा घेत बसल्या होत्या. आत्याबाई त्यांच्याजवळ जाऊन बसल्या. आम्ही मागं उभ्या. आत्याबाईंनी आधी चौकशी केली, कुठल्या, किती वर्षं. त्या नवव्या-दहाव्या वर्षापासून फडात. कितीतरी फड केले, जुने सगळे. मग आत्याबाईंनी विचारलं, ज्यासाठी त्या चार जत्रा हिंडल्या होत्या ते. मामंजींचं नाव, गाव सांगितलं. "रोज म्होरं बसायचं. फेटा पिवळा. उजव्या हाताचं एक बोट तुटल्यालं. तुला आठिवतंय का?"

बाईंनी कप खाली ठेवला. म्हणाल्या, "आक्का, खरं सांगू का? बोर्डावर उजेड असतो. आम्हांला म्होरचं माणूस दिसत नाही. दिसतो तो नुसता अंधार, आन् त्यात फेटे."

आत्याबाई जराशा थांबल्या. आणि मग त्यांना हसू आलं. आम्ही त्यांना इतकं हसताना कधी बघितलं नव्हतं. "म्हस इकली हो त्यानं," त्या म्हणाल्या, "म्हस!" बाई पण हसायला लागल्या. दोघी म्हाताऱ्या एकमेकींचा हात धरून हसत होत्या, आणि मग एका क्षणाला आत्याबाईंचं हसू राहिलं आणि डोळ्याला पदर गेला.

बाईंनी त्यांना हात सोडू दिला नाही. म्हणाल्या, "म्हशीचे पैसे आमच्यापर्यंत आले नाहीत म्हणा. आले असतील तरी मालकाच्या पेटीत गेले असतील. मला तवा रोजाला काय मिळत होतं? पोटाला आन् लुगड्याला." मग त्या कोरोनाचं बोलल्या. २०२० आणि २०२१, दोन वर्षं जत्रा बंद. फड घरी. त्या सूनेबरोबर कांदे काढायला जायच्या रोजानं. "शिट्ट्या मारणाऱ्यातलं कुणी आलं नाही विचारायला. एक मास्तर दर महिन्याला तांदूळ पाठवायचे. ते तमाशाला कधी आलेले नव्हते, नुसता रेडिओवर ऐकायचे." त्याच साथीत, मे २०२१ मध्ये, कांताबाई सातारकर गेल्या, त्यांचं नाव घेऊन बाईंनी कानाला हात लावला.

कांताबाईंचं आम्हांला तिथं कळलं, आणि मग आम्ही अजून माहिती काढली. मालक तुकाराम खेडकर, मोठे तमासगीर, १९६४ साली वारले. पदरात लहान पोरं. कांताबाईंनी पुढं स्वतःचा फड उभा केला, बोर्डावर शिवाजी महाराज, संभाजी महाराज अशा पुरुषांच्या भूमिका केल्या, आणि पोरांना त्याच कलेत वाढवलं. ट्रक, सुपारी, पगार, पोलीस परवानगी, सगळं बघायचं. आपल्या गटात नवरा गेलेल्या चारजणी आहेत, सातबाऱ्यावर नाव लावायला तलाठ्याकडं हेलपाटे घालणाऱ्या. त्यांना कांताबाईंचं हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "आधी का नाही सांगितलं कुणी? आम्हांला नुसतं नाचतात एवढंच सांगितलं."

आणि नाचायला सुद्धा बाया पहिल्यापासून नव्हत्या. पूर्वी पोरगे लुगडं नेसून नाचायचे. संगमनेरजवळच्या हिवरगावच्या पवळाबाई बोर्डावर आल्या, त्यांना तमाशातली पहिली स्त्री कलावंत मानतात. नंतर पठ्ठे बापूराव आणि पवळा ही जोडी गाजली. पठ्ठे बापूराव मूळचे कुलकर्णी, जात सोडून तमाशात आले, त्यांची गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. पवळाबाईंची कमी सांगतात.

हजेरी संपली, आम्ही निघालो. घाट चढताना जीपमध्ये कुणी बोलत नव्हतं. वर मांढरदेवीला गाडी थांबवली, आत्याबाईंना पायऱ्या चढवत नाहीत म्हणून खालूनच नारळ फोडला. तेव्हा त्या म्हणाल्या, "त्याला वाटायचं, ती माझ्याकडंच बघून गाती." मग बऱ्याच वेळानं, "आवाज चांगला व्हता पर. त्याचं चुकलं न्हाय तेवढ्यापुरतं." आमच्यातली एक म्हणाली, तुम्हांला घेऊन जायला हवं होतं त्यांनी. त्यावर त्या काही बोलल्या नाहीत.

आता पुढचं. आमच्या वाडीची जत्रा चैत्रात असते. कमिटी पाडव्याच्या आधी बसते. या वर्षी आम्ही कमिटीला लेखी अर्ज दिला आहे, ग्रामपंचायतीच्या आवक नोंदवहीत त्याची नोंद करून घेतली आहे. त्यात तीन गोष्टी मागितल्या. फडातल्या बायांना शाळेच्या दोन खोल्या आणि संडास उघडून द्यायचा, पाणी आम्ही भरून ठेवतो. बोर्डासमोर उजव्या हाताची जागा बायांसाठी राखायची आणि तिथं लाईट लावायचा. आणि जत्रेच्या रात्रीची भांडी दुसऱ्या दिवशी सकाळी घासली जातील, कुणी तक्रार करायची नाही. तिसरी मागणी कमिटीच्या कक्षेत येत नाही असं अध्यक्ष म्हणाले. आम्ही म्हटलं, असू द्या अर्जात.

दुसऱ्या मागणीवर कमिटीत एकानं विचारलं, बाया येणार तरी किती? आम्ही घरोघरी जाऊन विचारलं. आमच्या वाडीतून तेहतीस, खालच्या आळीतून एकवीस. हो म्हटलेल्यांत मार खाल्लेली आमची मैत्रीण पण आहे, तिनं स्वतः येऊन नाव सांगितलं. शाळेच्या खोल्यांचं मुख्याध्यापक बाईंनी तोंडी कबूल केलंय, लेखी यायचंय.

आत्याबाई यादीत पहिल्या. त्यांनी फड कुठला आणायचा तेही कमिटीला सांगून ठेवलंय.